सात नंबरच्या खाटेची साखळी

सत्यभामा शेंडे ज्या सरकारी दवाखान्यात आया होती, ते गाव बालाघाट जिल्ह्यातलं, वारासिवनीहून बसनं तासाभरात पोचता येईल असं. नाव मुद्दामच सांगत नाही. या गोष्टीत ज्यांच्या हातून चूक झाली त्यांची लेकरंबाळं अजून तिथंच राहतात, आणि ती माणसंही काही राक्षस नव्हती.

सत्यभामा मूळची तिरोडीकडची. बाप मँगनीजच्या खाणीत कामाला होता. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि पुढं लग्न होऊन इकडं आली. नवरा याच दवाखान्यात वॉर्डबॉय होता. मुलगी मयुरी दीड वर्षाची असताना तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं. तेव्हापासून चौदा वर्षं तिनं फरशा पुसल्या, चादरी बदलल्या, बाळंतिणींची डोकी मांडीवर घेतली. अंगानं बारीक, पण चांगला दणकट गडीही ती एकटीनं कुशीवर वळवायची. पेशंट तिला मावशी म्हणत. डॉक्टर काहीच म्हणत नसत, कारण त्यांनी हाक मारायच्या आधीच ती समोर उभी असायची. ‘जी साहेब’ याच्यापुढं तिचं त्यांच्याशी कधी बोलणं गेल्याचं कुणाला आठवत नाही.

एकोणीसशे नव्व्याण्णवची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. उपजेलमधून दोन शिपाई एका म्हाताऱ्या कैद्याला घेऊन आले. त्याचं नाव महागू. रामपायलीच्या बाजूचा शेतमजूर, साठीच्या घरातला. जंगलातली सागाची दोन झाडं तोडली असा त्याच्यावर खटला होता. खटला होता म्हणायचं एवढंच, कारण चौदा महिने झाले तरी तारखेवर तारीख पडत होती आणि जामीन द्यायला कुणी उभं राहिलं नव्हतं. त्याच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी भरती करून घेतलं आणि भिंतीकडेची सात नंबरची खाट दिली.

शिपायांनी त्याला खाटेवर बसवलं. पिशवीतून साखळी काढली. एक टोक त्याच्या डाव्या घोट्याला गुंडाळून कुलूप घातलं आणि दुसरं टोक खाटेच्या लोखंडी पायाला. साखळी दोन हात लांब असेल. किल्ली शिपायाच्या खिशात गेली.

सत्यभामेनं साखळी काही पहिल्यांदा पाहिली नव्हती. वर्षातून दोन-तीन कैदी असे यायचेच. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. दुसऱ्यांदा थोडं वाईट वाटलं. पुढं पुढं ती साखळी झाडूनं बाजूला सारून खालची फरशी पुसायला शिकली होती.

पहाऱ्यावरचे शिपाई पाळीपाळीनं बदलत. दिवसपाळीला बहुतेक दुलीचंद नावाचा जवान असायचा. पोरगा स्वभावानं वाईट नव्हता. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात सत्यभामाच जवळ होती, म्हणून तो तिला आईसारखा मान द्यायचा. पण कैदी पळाला तर नोकरी जाते हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो चहाला गेला की किल्लीही त्याच्याबरोबर चहाला जायची.

अशाच एका सकाळी तो चहाला गेला असताना महागूला शौचाला लागली. त्यानं हाक मारली, पुन्हा मारली. शिपाई येईपर्यंत त्याला धरवलं नाही. सत्यभामा बादली घेऊन आली. हे तिचं रोजचंच काम. पण तो म्हातारा खाटेच्या कडेला अंग चोरून उभा होता आणि दोन्ही हात जोडून तिला म्हणत होता, “बाई, मले माफ कर व. मले माफ कर.”

ती घाणेरडी चादर गोळा करायला लागली तर तोही दुसरं टोक धरून मदत करायला पुढं झाला. साखळी ताणली गेली आणि तो गुडघ्यावर पडला.

शेजारच्या आठ नंबरच्या खाटेवर शरदचंद्र नावाचे एक गृहस्थ होते. बालाघाटच्या कचेरीत तीस वर्षं पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशासमोर बसून एकेक प्रकरणाचे कागद पुढं ठेवणारे. नुकतेच निवृत्त झाले होते. पुतण्याच्या वास्तुशांतीला आले आणि बसच्या पायरीवरून पडले. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. ते सगळं पाहत होते. चादर बदलून झाल्यावर त्यांनी सत्यभामेला हळूच बोलावलं.

“बाई, ही साखळी घालायचा हुकूम कुणी दिला, माहीत आहे?”

“हुकूम कशाले पायजे, बाबूजी? कैद्याले घालतेतच.”

“घालतात. पण घालता येत नाही. न्यायाधीशाच्या लेखी हुकुमाशिवाय कुणालाही बेडी घालायची नाही, असं सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय. आणि हा तर आजारी माणूस. हा पळून पळून जाणार कुठं?”

सत्यभामेला वाटलं, मोठ्या घरचा माणूस आहे, तापात काहीतरी बोलतोय. पण ताप नव्हता. तिनंच सकाळी थर्मामीटर लावला होता.

“मंग हे चूक आहे, असं कोनाले सांगाव?” तिनं विचारलं.

“भोपाळला मानव अधिकार आयोग आहे. तो नेमून चार वर्षं झाली. तिथं कुणीही लिहू शकतं.”

“कोनीबी म्हन्जे?”

“कुणीही. ज्याच्यावर अन्याय झाला तो, त्याच्या घरचा, नाहीतर ज्यानं डोळ्यानं पाहिलं तो. वकील लागत नाही. कोर्टाचं तिकीट लावावं लागत नाही. फी नाही. साधा कागद चालतो.”

सत्यभामेनं उभ्या आयुष्यात एकच अर्ज केला होता, नवऱ्याच्या जागी नोकरी मिळावी म्हणून. त्यासाठी स्टँप, नोटरी, फोटो, सरपंचाची सही आणि सतरा खेपा लागल्या होत्या. साध्या कागदावर सरकारला काही सांगता येतं हे तिला पटेचना. ती म्हणाली, “मंग तुमीच लिहा ना, बाबूजी.”

शरदचंद्रांनी प्लास्टरकडं पाहिलं. “हात असता तर लिहिलंच असतं. आणि माझं काय, मी चार दिवसांनी घरी जाईन. तुम्ही चौदा वर्षं इथं आहात. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

आपल्या शब्दाला वजन आहे, हे तिला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. तरी तिनं बादली उचलली. नोकरी सरकारी, साखळीही सरकारी. मयुरी अकरावीला होती. या भानगडीत पडून पोरीचं काय करायचं, असं मनात म्हणत ती कामाला लागली.

तिसऱ्या दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. गोळ्या कडक होत्या म्हणून डॉक्टरांनी महागूला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. ती सकाळी तांब्या भरून ठेवायची. दुपारी पाहावं तर तांब्या भरलेला. संध्याकाळी पाहावं तरी भरलेला. ओठ त्याचे सालपटले होते. लघवी लालसर होत होती. ती त्याच्यावर रागावली.

“पानी काहून नाई पीत, बाबा? मराचं हाय का?”

महागूनं दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या शिपायाकडं एकदा पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “पानी पेलं का उठा लागते. उठाचं म्हन्लं का त्याले हात जोडा लागते. त्यापेक्षा पेतच नाई.”

सत्यभामा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. चौदा वर्षं ती साखळी बाजूला सारत आली होती. तिच्यासाठी ती फरशीवरची एक अडचण होती. त्या साखळीपायी माणूस तहान दाबून मरणाच्या वाटेला लागतो, हे तिला त्या क्षणी कळलं. तिनं दुलीचंदकडं जाऊन कुलूप उघडायला लावलं, महागूला स्वतः धरून संडासात नेलं, परत आणून समोर बसून त्याला पाणी पाजलं. मग आठ नंबरच्या खाटेशी गेली.

“बाबूजी,” ती म्हणाली, “माही पोरगी लिहिते. तुमी फक्त सांगा.”

रविवारी दुपारी, भेटायच्या वेळेत, मयुरी वही घेऊन आली. शरदचंद्र उशीला टेकून बसले. सत्यभामा खाली फरशीवर. आयोगाचा पत्ता म्हणून शरदचंद्रांनी एवढंच लिहायला सांगितलं, अध्यक्ष, मध्यप्रदेश मानव अधिकार आयोग, भोपाळ.

मयुरीनं पहिलंच वाक्य लिहिलं ते असं, ‘यहाँ कैदियों पर घोर अत्याचार हो रहा है।’ शरदचंद्रांनी ते खोडायला लावलं.

“आयोगाला आपला राग नको, बेटा. तारीख हवी. घोर हा शब्द काढ, अत्याचार काढ. कुठल्या तारखेपासून, कुठला दवाखाना, कुठली खाट, कुणाला बांधलंय, कशानं बांधलंय, कोणत्या खात्याच्या माणसांनी बांधलंय. जे तुझ्या आईनं पाहिलं तेवढंच. जे ऐकलं ते ‘ऐकलं’ म्हणून लिही.”

त्यांनी एकेक गोष्ट विचारली आणि मयुरीनं एकेक उतरवून घेतली. घटना एक वर्षाच्या आतली हवी, ती होती. याच गोष्टीवर कुठल्या कोर्टात केस चालू आहे का? खटला लाकडाचा होता, साखळीचा नव्हता, तसं स्पष्ट लिहिलं. शेवटी ते म्हणाले, “आता तक्रार करणाराचं नाव आणि पूर्ण पत्ता.”

मयुरीचं पेन थांबलं. “आई, बिना नाम के भेज दें?”

“बिननावाची तक्रार पहिल्या दिवशीच टोपलीत जाते,” शरदचंद्र म्हणाले. “पण विचार करून सांगा, बाई. तुमची नोकरी आहे. मी आग्रह करणार नाही.”

सत्यभामेनं सात नंबरकडं पाहिलं. महागू डोळे मिटून पडला होता, झोपला होता की ऐकत होता कुणास ठाऊक. ती म्हणाली, “लिही. सत्यभामा शेंडे, आया. घराचा पत्ता लिही, दवाखान्याचा नोको. आनं तो पानी नाई पेत, ते लिहिलं का?”

“लिहिलं. ‘मरीज़ पानी पीने से डरता है।’”

“तसं नोको. त्यानं सांगतलं तसंच लिही.”

मग हिंदीत लिहिलेल्या त्या दोन पानांच्या मधोमध महागूचं वाक्य त्याच्याच बोलीत उतरलं. पानी पेलं का उठा लागते, उठाचं म्हन्लं का त्याले हात जोडा लागते. मयुरीला ते बरं दिसेना, पण शरदचंद्र म्हणाले, “राहू दे. आयोग कुठल्याही भाषेतलं वाचतो. हे तर आपल्या जिल्ह्यातलंच आहे.”

सही सत्यभामेनं स्वतः केली, मराठीत, थांबत थांबत. सोमवारी कामावर येताना पोस्टात रजिस्टर करून पावती चोळीत ठेवली. घरी आल्यावर तिला वाटलं, झालं, आपल्याकडून झालं तेवढं झालं. त्या कागदाचं पुढं काही होईल असं तिनं मनात धरलं नव्हतं. शरदचंद्र त्याच आठवड्यात बालाघाटला परत गेले.

वीसेक दिवस गेले. एका दुपारी गल्लीत पोस्टमन आला आणि मोठ्यानं नाव वाचलं, “श्रीमती सत्यभामा शेंडे.”

गल्लीत तिला ‘श्रीमती’ आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. पोस्टमनच्या हातात तपकिरी पाकीट होतं, त्यावर आयोगाचा शिक्का. ती भांडी घासत होती. राखेचे हात तिनं धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले, मग पाकीट घेतलं. आत एकच कागद होता, टाईप केलेला. आपली तक्रार मिळाली, तिला अमुक क्रमांक दिला आहे, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडून अहवाल मागवला आहे. पुढचा पत्रव्यवहार करताना हा क्रमांक लिहावा.

तिनं तो कागद हळूहळू, अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचला. मग मयुरीकडून वाचून घेतला. मग दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. आपण बसस्टँडपुढच्या पोस्टात जो कागद दिला, तो डोंगर-नद्या ओलांडून भोपाळला गेला, तिथं कुणीतरी तो उघडला, वाचला, त्याला एक आकडा दिला, आणि त्या आकड्यानं आता जिल्ह्याच्या सगळ्यात मोठ्या पोलीस साहेबाला प्रश्न विचारला. हे सगळं तिच्या डोक्यात मावेना. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी तिला वाटलं, आणि त्याची थोडी भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता दोन शिपाई वॉर्डात आले. कुणाशी न बोलता त्यांनी महागूच्या पायाचं कुलूप काढलं, साखळी पिशवीत टाकली आणि गेले. पहाऱ्याचा शिपाई दाराबाहेर जाऊन बसला.

महागू बराच वेळ हलला नाही. मग त्यानं पाय एकदा जवळ घेतला, एकदा लांब केला. खाली उतरला. भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेला, तिथं थांबून बाहेरच्या अंगणात पाहिलं, आणि परत आला. चार पावलांचं ते अंतर. सत्यभामा दारात बादली धरून पाहत होती. वॉर्डातले सगळेच पाहत होते. महागू खाटेवर बसला आणि तिला म्हणाला, “बाई, पानी दे.” तांब्यानं प्यायला, आणि अजून मागितलं.

तक्रार कुणी केली हे कळायला वेळ लागला नाही. डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं. ते भोपाळकडचे, तरुण, कामाला चोख होते. “मौसी, आपने ये क्या किया? मुझसे कहतीं.”

सत्यभामा जमिनीकडं पाहत होती. मग तिनं मान वर केली. “साहेब, तुमी रोज राउंडाले येता. साखळी तुमालेबी दिसत होती.”

आवाज चढवला नव्हता, टोमणा मारला नव्हता. जसं होतं तसं सांगितलं. डॉक्टर बराच वेळ टेबलावरचे कागद नीट करत राहिले. मग म्हणाले, “जाइए,” आणि त्यानंतर तिला कधी काही म्हणाले नाहीत.

दुलीचंद मात्र घाबरला होता. एक दिवस पाण्याच्या टाकीजवळ तिला गाठून म्हणाला, “मावशी, ठाण्यातून वर लिहून गेलं. साखळी कधी नव्हतीच म्हनून लिहिलं. तुमी खोट्या पडसाल.”

“पडू दे,” ती म्हणाली. पण मनातून ती धास्तावली. आठवडाभर ती नीट जेवली नाही. पत्र येईल, त्यात लिहिलं असेल की तुम्ही खोटं बोललात, मग नोकरी जाईल, असं सारखं मनात येई. मयुरीनं तिच्या सांगण्यावरून आयोगाला दुसरं पत्र लिहिलं, क्रमांक टाकून. मजकूर एवढाच होता, आम्हाला कळलं की अहवालात साखळी नव्हती असं लिहिलं आहे. साखळी होती. कुणी येऊन पाहावं.

आणि खरंच कुणीतरी आलं.

जानेवारीत, सकाळी दहाच्या सुमारास, न कळवता. दोघं होती, पिकल्या केसांचे एक अधिकारी आणि वही घेतलेली एक तरुण बाई. गाडी बाहेरच ठेवून ते चालत वॉर्डात आले. सत्यभामा फरशी पुसत होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, “सत्यभामाजी कौन हैं?” ती उभी राहिली. हातातलं पोतेरं कुठं ठेवावं हे तिला सुचेना.

ते महागूच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. ‘आप’ म्हणून बोलले. “आप कब से यहाँ हैं? तकलीफ़ क्या है?” मग विचारलं, पाय पाहू का? परवानगी मिळाल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं म्हाताऱ्याचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. घोट्याभोवती काळपट कडं उमटलं होतं, मधे मधे खपल्या. एवढा मोठा साहेब एका मजूर कैद्याचा पाय मांडीवर घेऊन बसलाय, हे पाहून सत्यभामेच्या अंगावर काटा आला. तिनं चौदा वर्षांत कितीतरी पाय धुतले होते, पण कुणी साहेब असा बसलेला पाहिला नव्हता.

“ये निशान किसी और चीज़ का भी हो सकता है,” ते शांतपणे म्हणाले. परीक्षाच घेत होते जणू.

तेव्हा सत्यभामा बोलली. “साहेब, खाटेचा पाय पाहा.”

ते गुडघ्यावर बसले. खाटेला हिरवा रंग होता. सगळ्या खाटांना एकाच वेळी दिलेला. सातव्या खाटेच्या त्या एका पायावर, टाचेच्या उंचीला, बोटभर रुंदीचा पट्टा पार खरवडून गेला होता आणि आतलं लोखंड चकाकत होतं. बाकीच्या खाटांचे पाय त्यांनी एकेक करून पाहिले. नुसता रंग. ही गोष्ट फक्त रोज खाली वाकून पुसणारीलाच माहीत असणार होती. तरुण बाईनं फूटपट्टी लावून माप घेतलं, फोटो काढला.

मग त्यांनी दाराबाहेरच्या शिपायाला आत बोलावलं. तो दुलीचंदच होता. “तुम्हारी ड्यूटी थी? ज़ंजीर थी या नहीं?”

  दुलीचंदनं सत्यभामेकडं पाहिलं नाही, महागूकडं पाहिलं. मग सरळ उभा राहून म्हणाला, “थी साहब. चाबी मेरे पास रहती थी.”

सत्यभामा नंतर कधीही ही गोष्ट सांगायला बसली की इथं थांबायची. पोस्टाचं, भोपाळचं, साहेबाचं नवल तिला होतंच, पण सगळ्यात मोठं नवल या पोराचं वाटलं, असं म्हणायची. त्याच्यापुढं नोकरी होती, बायको होती, दोन लहान लेकरं होती. आणि तो खरं बोलला.

निघताना अधिकाऱ्यांनी फाईल उघडून तिला तिची तक्रार दाखवली. दोन पानांवर एकाच वाक्याखाली लाल रेघ होती, महागूच्या पाण्याच्या वाक्याखाली. “यह मैंने वहीं किसी से पढ़वाया,” ते म्हणाले. “उसके बाद आना ही था.”

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. आयोगानं निर्णय दिला की आजारी माणसाला असं बांधून ठेवणं हा त्याच्या हक्काचा भंग आहे. खोटा अहवाल देणाऱ्यावर खात्यानं कारवाई करावी, महागूला भरपाई द्यावी, आणि कोर्टाच्या लेखी हुकुमाशिवाय दवाखान्यातल्या कुठल्याही कैद्याला साखळी लावू नये असं जिल्ह्यात सगळीकडं कळवावं. दुलीचंदची बदली झाली, पण नोकरी राहिली. सरकारी मदतीतून वकील मिळाला आणि महागूला जामीन झाला. फेब्रुवारीत त्याचा भाऊ त्याला न्यायला आला. महागूनं सत्यभामेच्या डोक्यावर हात ठेवला, आणि भावाच्या सायकलीमागं बसून गेला. तीन वर्षं जगला. आपल्या घरी, आपल्या माणसांत गेला.

मयुरीनं शरदचंद्रांना सगळं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, ‘तीस वर्षं मी कचेरीत लोकांचे कागद पुढं सरकवले. पुढं म्हणजे कुठं, ते कधी पाहिलं नव्हतं. तुमच्या आईमुळं पाहायला मिळालं.’

गावात बातमी पसरली तशी माणसं सत्यभामेकडं यायला लागली. आधी चोरून, मग उघड. कुणाच्या पोराला ठाण्यात चार दिवस बसवून ठेवलेलं, कुणाच्या बायकोला रक्त जात असूनही दवाखान्यातून परत पाठवलेलं. ती त्यांना चहा द्यायची आणि शरदचंद्रांनी केली होती तशी उलटतपासणी सुरू करायची. कवा झालं? तारीख सांग. तू पाह्यलं का ऐकलं? कोन्या खात्याचा मानूस होता? वरीस तं नाई उलटलं? कोर्टात केस हाय का? नाव लिहाची हिंमत हाय का? सगळ्याच तक्रारी लागत नसत. एकाचं भावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण होतं, त्याला तिनं सांगितलं की हे आयोगाचं काम नाही, कोर्टात जा. एका बाईची गोष्ट खरी होती, पण तीन वर्षांपूर्वीची, ती तक्रार आयोगाकडून परत आली तेव्हा सत्यभामाही त्या बाईबरोबर रडली. लिहायला मयुरी असायची, आणि मयुरी कॉलेजात गेल्यावर ज्याचं त्यानं लिहावं, हिनं बघून द्यावं.

दोन हजार चार साली मयुरीची नोकरीची परीक्षा भोपाळला होती. दोघी नागपूरवरून गाडीनं गेल्या. परीक्षा आटोपल्यावर सत्यभामा म्हणाली, “मले तो आयोग पाहाचा हाय.”

विचारत विचारत तिथं पोचल्या. सत्यभामेच्या मनात काय होतं कोण जाणे, राजवाडा असेल असं वाटलं असेल. पण इमारत साधीच निघाली. आत एका खोलीत कपाटं, फायली, आणि एका मोठ्या टेबलावर त्या दिवशीची डाक. पाकिटांचा ढीग. निळी अंतर्देशीय पत्रं, पोस्टकार्डं, वहीतून फाडलेली पानं, कुठं शाईचं अक्षर, कुठं पेन्सिलीचं, कुठं खाली सहीऐवजी अंगठा. टेबलामागं चष्मा लावलेला एक कारकून बसला होता.

“शिकायत देनी है, माताजी?” त्यानं विचारलं.

“नाई. फक्त पाहाले आली,” ती म्हणाली. मयुरीनं ते हिंदीत सांगितलं. कारकून हसला आणि दोघींना बाकावर बसायला सांगून पुन्हा कामाला लागला.

तो एक पाकीट घ्यायचा, कडेनं पट्टी सरकवून उघडायचा, कागद सपाट करायचा, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायचा. मग शिक्का. मग दुसरं. सत्यभामा मांडीवर हात ठेवून पाहत होती. मंडला, झाबुआ, मुरैना, कुठली कुठली गावं, एकेका पाकिटात एकेक माणूस बसून आलेला, आणि हा एकेकाला बाहेर काढून त्याचं ऐकून घेतोय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही.

मयुरीनं घड्याळ पाहिलं. “आई, चल ना. गाडी चुकून जाईन.”

कारकुनानं तेव्हाच एक पोस्टकार्ड उचललं होतं, अगदी बारीक अक्षरात, कोपऱ्यापर्यंत भरलेलं. तो ते डोळ्यांजवळ धरून वाचायला लागला.

“थांब,” सत्यभामा म्हणाली. “त्याचं वाचून होऊ दे.”